रविवारपर्यंत हिरवं

झटपट साहेबांना एक सवय होती. जेवण झालं की गळ्यातल्या ओळखपत्राचा कोपरा दातांत घालायचा, अडकलेलं काहीबाही उकरून काढायचं, निघालं ते डोळ्यांसमोर धरून नीट बघायचं, आणि तेच ओळखपत्र शर्टाला पुसून पुन्हा गळ्यात सोडायचं. शी! आणि त्याच ओळखपत्रानं सर्व्हरच्या खोलीचं दार उघडायचं. दाराशेजारच्या त्या काळ्या चौकोनाला आपलं कार्ड टेकवताना वकीलबाईंच्या अंगावर काटा यायचा. घरी गेल्यावर त्या कार्ड साबणानं धुवायच्या. नवरा हसायचा, पण हसणाऱ्याचं काय जातं!

वकीलबाईंचा कोर्टकचेरीशी काडीचा संबंध नव्हता बरं का. त्या कॉम्प्युटरवाल्या. हे नाव पडलं ते नियमांवरून भांडायच्या म्हणून. "हे असेल तर ते होतं, आणि ते असेल तर आणखी पलीकडचं" असले हजारभर नियम त्यांनी लिहिले होते, आणि त्यातल्या एकालाही कुणी धक्का लावला की बाई बाह्या सरसावून उभ्या. वय चव्वेचाळीस, आवाज खणखणीत, ऑफिसात कुणी वाटेला जात नसे.

काम औषधांचं होतं. औषध कंपन्या, दवाखाने, संशोधनाच्या संस्था आपापली माहिती हल्ली वेबवर अशी मांडतात की माणसाबरोबर यंत्रालाही ती वाचता यावी, आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या माहितीला जोडता यावी. सिमँटिक वेब म्हणतात त्याला. नाव भारदस्त, पण उघडून बघितलं तर आत सगळी तीन-तीन तुकड्यांची साधी वाक्यं. या गोळीवर हे आवरण आहे. या आवरणात हा रंग आहे. हा रंग त्या कुळातला आहे. अशी नऊ कोटी वाक्यं वकीलबाईंच्या सर्व्हरवर येऊन पडलेली. पण "अमक्या बाईंना ही गोळी देऊ नका" हे त्यातलं एकही वाक्य सांगत नाही. ते यंत्रानं वाक्याला वाक्य जोडत जाऊन स्वतः काढायचं असतं. दवाखान्यात नर्सनं गोळ्यांचं पाकीट मशीनसमोर धरलं, मग रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा धरला, की स्क्रीन लाल तरी होते नाहीतर हिरवी. लाल म्हणजे थांब, हिरवी म्हणजे दे.

आता सगळी गोम अशी, की हे निष्कर्ष काढायचे कधी?

एक रीत म्हणजे सगळे आधीच काढून साठवून ठेवायचे. मग नर्सनं विचारलं की उत्तर तयार, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण नऊ कोटी वाक्यांचा घाणा एकदा फिरवायला अकरा तास लागतात. तो फिरून झाल्यावर एखादं वाक्य बदललं, तर साठवलेलं उत्तर शिळं. दुसरी रीत म्हणजे काहीच साठवायचं नाही, विचारलं की तेव्हाच सगळी साखळी जोडायची. उत्तर ताजं येतं, पण नऊ सेकंद लागतात, आणि वॉर्डात चाळीस रुग्ण असलेली नर्स दर गोळीला नऊ सेकंद थांबत नाही. ती मशीनच बाजूला ठेवते.

वकीलबाईंनी तिसरी रीत काढली होती. कोणता रंग कोणत्या कुळातला हे वर्षानुवर्षं बदलत नाही, तर तेवढीच शिडी आधी साठवून ठेवा. गोळीत काय आहे हे आठवड्याला बदलतं, तर तो शेवटचा दुवा विचारल्यावर जोडा. त्यांनी मोजून बघितलं. दीड सेकंद! आणि उत्तर दर वेळी ताजं. बाई इतक्या खूश झाल्या होत्या की त्या दिवशी त्यांनी पायऱ्या उतरताना चक्क शीळ घातली.

साहेबांनी कागद बघितला आणि दातांत कोपरा घातला.

"ग्राहकाला एका सेकंदाच्या आत पाहिजे."

"साहेब, हे दीड सेकंदात येतं आणि खरं येतं."

"दीड म्हणजे एक नव्हे, वकीलबाई."

"अहो, अर्धा सेकंद! अर्ध्या सेकंदात माणूस शिंकूनही होत नाही."

"आणि हे बांधायला तुम्हाला तीन आठवडे पाहिजेत. नको. सगळं आधीच काढून ठेवा. झटपट काम. घाणा दर रविवारी फिरवा. तुमचं ते पुढच्या आवृत्तीत बघू." मग ओळखपत्राच्या टोकावर आलेलं काहीतरी त्यांनी अंगठ्यानं टिचकी मारून उडवलं. ते टेबलावर कुठेतरी पडलं असणार. वकीलबाईंनी आपली वही उचलून छातीशी धरली.

एवढ्यावर भागलं नाही. स्क्रीननं दर वेळी कोणता रंग दाखवला हे लिहून ठेवायची सोय होती, ती साहेबांनी काढून टाकायला लावली. लिहिण्यात वेळ जातो म्हणे. नर्सनं किती वाजता तपासलं एवढंच उरलं, काय दिसलं ते गेलं.

आणि मग चाचणीचा कागद आला. चाचणीच्या दिवशी माहिती गोठवून ठेवतात, नवं वाक्य एकही आत येत नाही. त्यामुळे शिळं व्हायला वावच नाही. दहा हजार प्रश्न, दहा हजार बरोबर उत्तरं, सगळी एका सेकंदाच्या आत. खाली तज्ज्ञ म्हणून वकीलबाईंची सही. त्या कागदावर खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरी सही करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं होतं. हजार नियमांवरून भांडणारी बाई तेव्हा मात्र मूग गिळून बसली. "पुढच्या आवृत्तीत" म्हणालेत ना, बघू. ती पुढची आवृत्ती चौदा महिन्यांत आली नाही.

त्या बुधवारी दुपारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे वकीलबाईंची थोरली सख्खी बहीण, नर्स, सव्वीस वर्षं एकाच दवाखान्यात. कामाच्या वेळेत ताईचा फोन कधी म्हणजे कधी येत नसे.

"चिमे," ताई म्हणाली. घरचं नाव, जगात आता ते तिच्याच तोंडी उरलेलं. "चिमे, हिरवं होतं गं."

"काय झालं?"

"बारा नंबरच्या बाईंना गोळी दिली सकाळी. नेहमीचीच, रक्तदाबाची. फक्त नवीन पाकीट होतं. पाच मिनिटांत तोंड सुजलं, घसा बंद, श्वास येईना. वाचल्या. नळी घालावी लागली. त्यांना रंगांची ॲलर्जी आहे, माहितेय सगळ्यांना, पट्ट्यावर आहे. मी पट्टा धरला, पाकीट धरलं, हिरवं झालं. माझ्या डोळ्यांनी बघितलं." मग आवाज एकदम बारीक झाला. "मेट्रन म्हणतायत, मशीन चुकत नाही, तूच न बघता दिलंस. नर्सचा परवाना काढून घेतात अशा वेळी. मी काय करू?"

वकीलबाईंना उलगडायला पाच मिनिटं लागली. कंपनीनं गोळीचं आवरण बदललं होतं. नव्या आवरणात एक पिवळा रंग होता, आणि तो बरोबर त्याच कुळातला. ते वाक्य सोमवारी सकाळी दहा चाळीसला सर्व्हरवर येऊन पडलं होतं, तारखेसकट. पण निष्कर्ष आदल्या रविवारचे. खरं उत्तर त्याच डब्यात तीन तुकड्यांत पडून होतं, आणि ते तुकडे जोडायला पुढच्या रविवारशिवाय सवड नव्हती.

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. साहेब चिडतील, टाळतील, असं त्यांना वाटलं होतं. कशाचं काय! साहेब लोण्यासारखे मऊ.

"अरेरे. बरं झालं लगेच सांगितलंत. मग वाट कशाची बघताय? घाणा आत्ताच फिरवा. आणखी कुणाला व्हायला नको."

हे तर बरोबरच होतं. आणखी कितीतरी दवाखान्यांत तेच पाकीट गेलं असणार. वकीलबाईंनी धावत जाऊन स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. माणूस अगदीच वाईट नाही, असंही एकदा मनात आलं त्यांच्या.

गुरुवारी सकाळी त्या ऑफिसात आल्या तेव्हा घाणा फिरून झाला होता. ती गोळी, तो रंग, लाल. लालभडक. आणि साहेब कॉफीचा कप घेऊन त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"दाखवतंय ना लाल?"

"हो."

"मग मिटलं. दवाखान्याला मी कळवलंय, आम्ही तपासलं, आमची यंत्रणा लाल दाखवते. बाई बघायला चुकल्या असतील. माणूस आहे, चुकायचंच."

वकीलबाईंच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. नवे निष्कर्ष लिहायचे तर जुने पुसावे लागतात. निष्कर्षांवर तारीख नसते. त्यांची प्रत कुणी ठेवत नाही, कारण मूळ वाक्यांवरून ते केव्हाही पुन्हा काढता येतात. ही त्यांच्या धंद्यातली शहाणपणाची गोष्ट, नव्या माणसांना त्या स्वतः शिकवत. बुधवारी सकाळी स्क्रीन हिरवी होती याचा जगात एकमेव पुरावा होता, आणि तो त्यांनी आपल्या बोटानं पुसला होता. पुसताना वर साहेबांना मनातल्या मनात शाबासकी दिली होती.

"साहेब, ते वाक्य सोमवारी आलंय. घाणा रविवारी फिरला होता. बुधवारी लाल दिसणं शक्यच नाही."

"हा तुमचा अंदाज झाला. पुरावा आहे?" त्यांनी कॉफीचा घोट घेतला, तो तोंडात खुळखुळवला आणि गिळला. "हे बघा, ती तुमची बहीण आहे ना? मला कळलंय. मी शब्द टाकतो. परवाना नाही जाणार, लेखी समज देतील, पगारवाढ थांबेल एखादी. तुम्ही उद्या चौकशीला माझ्याबरोबर या, तज्ज्ञ म्हणून. काही बोलायचं नाही, नुसती मान हलवायची."

"आणि नाही हलवली तर?"

"चाचणीच्या कागदावर सही कुणाची आहे, वकीलबाई?"

त्या उठल्या आणि स्वच्छतागृहात गेल्या. ओकारी आली नाही, नुसते कोरडे उमासे आले. आरशात बघवेना. त्या माणसाची किळस त्यांना चौदा महिने येत होती, ती सोपी होती, दात कोरणाऱ्या माणसाची किळस कुणालाही येईल. आज आरशातल्या बाईची येत होती, आणि तिला साबणानं धुवायची सोय नव्हती.

शुक्रवारी दहाला चौकशी. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, भिंतीवर मोठी स्क्रीन, खिडकीच्या कडेला मेलेल्या माश्या. टेबलाच्या टोकाला अधीक्षक डॉक्टरीणबाई, केस पांढरे, चष्मा साखळीला. शेजारी मेट्रन. दाराजवळच्या खुर्चीवर ताई, गणवेशात नाही, साध्या कपड्यांत. सव्वीस वर्षांत ताईला त्या इमारतीत साध्या कपड्यांत कुणी बघितलं नसेल. तिनं धाकट्या बहिणीकडे बघितलं आणि थोडी हसली. आपलं माणूस आलं, आता होईल सगळं ठीक, असं ते हसणं. वकीलबाईंनी मान खाली घातली.

साहेबांनी लॅपटॉप जोडला. बारा नंबरच्या बाईंचा पट्टा, त्या गोळीचं पाकीट. भिंतभर लाल.

"बघा मॅडम. एक सेकंदसुद्धा नाही लागला," साहेब म्हणाले, आणि त्या घटकेलाही त्यांना वेगाचं कौतुक होतं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "सिस्टर, हे एवढं मोठं लाल तुम्हाला दिसलं नाही?"

"मॅडम, हिरवं होतं." ताई खुर्चीतून उठली. "मुलांची शपथ, हिरवं होतं."

"मशीन सकाळी एक आणि दुपारी एक सांगत नसतं हो," मेट्रन म्हणाल्या. दुष्टपणे नाही, थकून म्हणाल्या.

"आमच्या तज्ज्ञ बाई इथेच आहेत," साहेब म्हणाले. "सगळे नियम त्यांनीच लिहिलेत. काय वकीलबाई, बरोबर आहे ना?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. नुसती मान हलवायची होती. वकीलबाई उठल्या, साहेबांच्या पुढ्यातला लॅपटॉप ओढून आपल्याकडे घेतला, आणि तो खणखणीत आवाज, चौदा महिने कुठे गेला होता कोण जाणे, परत आला.

"आज लाल आहे. बुधवारी हिरवं होतं. बुधवारी दुपारी सगळी उत्तरं पुन्हा काढून घेतली, त्यात पुरावा मी पुसला, मला कळलं नाही तेव्हा. पण पुरावा कशाला, तुमच्यासमोर करूनच दाखवते."

"वकीलबाई, खाली बसा," साहेब हळूच म्हणाले.

"नर्सना शिकवायला यात एक सरावाचा रुग्ण आहे. तो खरा नाही, पण मशीन तेच आणि नियम तेच. याला त्याच रंगांची ॲलर्जी लावलेली आहे. ही सरावाची गोळी, निरुपद्रवी. तपासते. हिरवं. बरोबर आहे ना? आता मी नवीन वाक्य घालते: या गोळीच्या आवरणात तो पिवळा रंग आहे. कंपनीकडून जसं येतं तसंच. घातलं. बघा, नोंद झाली, तारीख आजची, वेळ आत्ताची. यंत्राला आता माहीत आहे, या गोळीत विष आहे या माणसापुरतं. आता विचारते."

त्यांनी बटण दाबलं. भिंत हिरवी झाली.

डॉक्टरीणबाई उठून आल्या, चष्मा लावला, वकीलबाईंना खांद्यानं बाजूला सारून स्वतः बटण दाबलं. हिरवं. पुन्हा दाबलं. हिरवं.

"हे लाल कधी होणार?"

"रविवारी."

"म्हणजे बुधवार दुपारपासून कंपन्यांनी जे काही बदल कळवले असतील..."

"ते सगळं आत्ता वॉर्डात हिरवं आहे."

"हे सरावाचं आहे मॅडम, प्रत्यक्षात इतकं..." साहेबांनी तोंड उघडलं, आणि सवयीनं हात ओळखपत्राकडे गेला.

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेट्रन, सगळ्या वॉर्डांतली मशीन बंद करा. आत्ता. पाकिटावरचं वाचून, केसपेपर बघून द्यायचं, दोघींनी तपासून. आणि सिस्टर, तुमच्यावरचं सगळं मी मागे घेते. माफ करा आम्हाला." मेट्रन जवळजवळ पळतच बाहेर गेल्या.

लॅपटॉप गोळा करताना साहेब वकीलबाईंच्या कानाशी आले. तोंडाला शिळ्या कॉफीचा वास होता. "उद्यापासून येऊ नका."

"कार्ड आत्ताच घ्या," वकीलबाई म्हणाल्या, आणि गळ्यातून काढून टेबलावर टाकलं. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. उलट हलकं वाटलं. नोकरी गेली तर गेली, चुलीत घाला! ताई सुटली. त्या बाहेरच्या लांब व्हरांड्यात आल्या तेव्हा त्यांना पुन्हा शीळ घालावीशी वाटत होती.

ताई भिंतीजवळच्या बेसिनशी हात धूत होती, नर्स धुतात तसे, कोपरापर्यंत. वकीलबाई जवळ गेल्या. आता ती गळ्यात पडेल, दोघी रडतील, मग हसतील, असं त्यांच्या मनात होतं.

ताईनं नळ बंद केला. "चिमे, हे असं आहे हे तुला केव्हा कळलं?"

"बुधवारी. तू फोन केलास तेव्हा लगेच..."

"माझं नाही विचारत. रविवारपर्यंत हिरवंच राहतं, हे."

वकीलबाईंना खोटं बोलता आलं असतं. "पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "चौदा महिने. मी दुसरी रीत सांगितली होती गं. त्यांनी ऐकलं नाही. सही माझीच आहे."

ताईनं कागदानं हात पुसले, एकेक बोट करून. "चौदा महिने दर रविवारी तू माझ्याकडे जेवायला येतेस. मी तुला सांगायचे, तुझ्या मशीनमुळे किती बरं झालं, आता डोक्याला ताप नाही, हिरवं झालं की डोळे मिटून देते. आठवतंय? तू वाढून घ्यायचीस आणि मान हलवायचीस."

"ताई, मी आज बोलले ना. नोकरीवर पाणी सोडलं."

"बोललीस. माझ्या मानेवर आलं म्हणून बोललीस." ताईचा आवाज चढला नव्हता. "माझ्याजागी दुसरी कुणी नर्स असती, तर आज उठली असतीस?"

वकीलबाईंनी तोंड उघडलं. वादात त्यांना कुणी हरवलं नव्हतं आजवर. हो म्हणायचं होतं, एवढंसं उत्तर, सगळी वाक्यं समोर होती, ती जोडून बघितली आणि निष्कर्ष हो असा निघेना.

ताईनं कोरडे झालेले हात, किळस यावी तसे, पुन्हा एकदा पुसले, कागद कचऱ्यात टाकला, आणि बारा नंबरच्या बाईंच्या औषधाची वेळ झाली होती म्हणून साध्या कपड्यांतच वॉर्डाकडे निघून गेली.